हसऱ्या सवंगड्याचे नाव

कथा कोणत्याही देशाची असो, तिच्यातील नायकाच्या मागेपुढे बागडणारा एक छोटा सवंगडी आपल्याला बहुधा भेटतोच. तो वयाने किंवा मानाने लहान असतो, बोलण्यात चुरचुरीत असतो, ऐन संकटात भलतेच काहीतरी करून बसतो. आणि प्रसंग कितीही बाका असला तरी त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळत नाही. संस्कृत नाटकांतील विदूषक हा या कुळाचा मूळपुरुष म्हणता येईल. तमाशातील गवळणीत कृष्णाच्या मागून लंगडत येणारा पेंद्या हाही त्याच कुळातला. प्रेक्षक कृष्णाला मनोमन हात जोडतात. पण पेंद्या आला की ते सैलावून बसतात आणि खळखळून हसतात. नायकाविषयी आपल्याला आदर वाटतो, सवंगड्याविषयी जिव्हाळा वाटतो.

मात्र या जिव्हाळ्यात एक गोम आहे. जो आपल्याला हसवतो, त्याचा आपण फारसा विचार करीत नाही. खेळ संपल्यावर पेंद्या कोठे जातो, त्याला कधी वाईट वाटते का, पुढे त्याचे काय झाले, हे प्रश्न आपल्या मनात उमटत नाहीत. नायकाला भूतकाळ असतो, ध्येय असते, भविष्य असते. सवंगड्याच्या वाट्याला मात्र तेवढ्या क्षणाचा विनोद येतो. माझे मत असे आहे, की कथेचा खरा कस तिच्या नायकापेक्षा तिच्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत हसऱ्या पात्रावर लागतो. त्या पात्राला स्वतःचे नाव आहे का, स्वतःचे दुःख आहे का आणि स्वतःचा उद्या आहे का, एवढे तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे मत एका जपानी चित्रमालिकेतील बाल-निंजाच्या आधाराने येथे मांडायचे आहे. या बालकाचे नाव कोनोहामारू.

जपानमध्ये चित्रकथांना ‘मांगा’ आणि चलत्‌चित्रांच्या मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. मासाशी किशिमोतो या चित्रकथाकाराची ‘नारुतो’ ही चित्रकथा १९९९ ते २०१४ या काळात तेथील एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची एकूण ७०० प्रकरणे झाली. २००२ साली तिच्यावर आधारित ॲनिमे मालिका सुरू झाली. पहिल्या मालिकेचे २२० भाग झाले, तर २००७ ते २०१७ या काळात चाललेल्या दुसऱ्या मालिकेचे ५०० भाग झाले. २०२२ साली ही मालिका हिंदी संवादांसह भारतातील एका बालवाहिनीवरही दाखवण्यात आली. त्यामुळे ज्यांच्या घरात मुले आहेत, त्यांच्या कानावरून नारुतोचे नाव गेले असण्याचा संभव आहे.

निंजा म्हणजे जुन्या जपानमधील हेर. इगा आणि कोगा हे डोंगराळ प्रदेश त्यांच्यासाठी विशेष प्रसिद्ध होते. शत्रूच्या गोटात शिरणे, वेष पालटणे, बातमी काढणे ही त्यांची कामे. किशिमोतो यांनी या इतिहासातून केवळ धागा घेतला आणि त्यावर एक अद्भुत जग विणले. या जगात निंजांची स्वतंत्र गावे आहेत, त्यांना मंत्रविद्येसारख्या विद्या अवगत आहेत, त्यांच्या शाळा आहेत आणि परीक्षाही आहेत. कथेचे मुख्य गाव झाडीत दडलेले असून त्याचे नाव कोनोहा. गावाच्या प्रमुखाला ‘होकागे’ म्हणतात. गावातील सर्वांत समर्थ आणि सर्वांचा विश्वास लाभलेली व्यक्तीच या पदावर बसते.

कथेचा नायक नारुतो हा अनाथ मुलगा आहे. त्याच्या जन्माच्या वेळी गावाचा विध्वंस करणारा एक राक्षसी कोल्हा त्याच्याच शरीरात कोंडण्यात आला. यात त्या तान्ह्या मुलाचा काय दोष? तरीही गावातील माणसे त्याला टाळतात. त्याच्याशी बोलत नाहीत, आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. शाळेच्या अंतिम परीक्षेत तो पुन्हा पुन्हा नापास होतो. एक दिवस आपण होकागे होऊ आणि मग साऱ्या गावाला आपली दखल घ्यावीच लागेल, ही त्याची जिद्द आहे. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, अशा मुलाची ही कहाणी आहे.

याच मुलाच्या आयुष्यात आठ वर्षांचा कोनोहामारू धडपडत प्रवेश करतो. धडपडत हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. तत्कालीन होकागे हिरुझेन सारुतोबी हे त्याचे आजोबा. आजोबांना हरवले की आपण लगेच होकागे होऊ, अशी त्याची बालसमजूत असते. म्हणून तो हत्यार उगारून त्यांच्या कचेरीत घुसतो आणि आपल्याच लांब गळपट्ट्यात पाय अडकून तोंडावर पडतो. तेथे उभ्या असलेल्या नारुतोनेच आपल्याला पाडले, असा कांगावाही तो करतो. नारुतो त्याची मानगूट धरतो. तेवढ्यात कोनोहामारूचे खाजगी शिक्षक एबिसू ओरडतात, की हा होकागेंचा नातू आहे, त्याला हात लावू नकोस. नातवालाही ठाऊक असते, की हे शब्द ऐकून पुढचा माणूस गार पडतो. पण नारुतो गार पडत नाही. तू कोणाचाही नातू असलास तरी मला काय त्याचे, असे म्हणून तो त्याच्या डोक्यात टपली हाणतो.

टपली बसताच खरे तर मुलाने रडायला हवे होते. पण कोनोहामारू त्या दिवसापासून नारुतोची पाठ सोडत नाही. तो त्याला आपला म्होरक्या मानतो, पुढे ‘दादा’ म्हणतो. याचे कारण तो स्वतःच सांगतो. रानात एका ओंडक्यावर दोघे बसलेले असताना तो म्हणतो, की आजोबांनी माझे नाव या गावाच्या नावावरून ठेवले. ते साऱ्या गावाला सहज लक्षात राहावे असे आहे. तरीही मला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. जो तो मला होकागेंचा नातू म्हणतो. कोणालाही मी दिसत नाही, आजोबा तेवढे दिसतात. म्हणून मला होकागे व्हायचे आहे आणि ते आत्ताच्या आत्ता व्हायचे आहे.

आतापर्यंत आपण ज्याच्या फजितीला हसत होतो, त्याच्या तोंडून हे बोल ऐकताना आपण थबकतो. नारुतोकडे सगळे पाठ फिरवतात आणि कोनोहामारूपुढे सगळे मान लवतात. वरवर पाहता दोघांची स्थिती दोन टोकांची आहे. परंतु दुःख एकच आहे. दोघांनाही ते जसे आहेत तसे कोणी पाहत नाही. एकाच्या चेहऱ्यावर लोकांना कोल्हा दिसतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आजोबा. म्हणूनच नारुतोची टपली त्या मुलाला अपमानासारखी वाटत नाही. नातू म्हणून ती मारलेली नव्हती. ती कोनोहामारू नावाच्या आगाऊ मुलाला मारलेली होती.

त्याच्या नावाचा अर्थही पाहण्यासारखा आहे. जपानी भाषेत ‘कोनोहा’ म्हणजे झाडाचे पान. ‘मारू’ हा प्रत्यय पूर्वी जपानमधील मुलग्यांच्या बालपणीच्या नावांना लावला जाई. मिनामोतो नो योशित्सुने या इतिहासप्रसिद्ध योद्ध्याचे बालपणीचे नाव उशिवाकामारू होते. त्या काळी मुलगा वयात आला, की बालपणीचे नाव सोडून त्याला मोठेपणीचे नाव दिले जाई. कथेतील कोनोहामारूचे नाव मात्र मोठेपणीही बदलत नाही. ज्या नावाने हाक मारावी म्हणून तो आठव्या वर्षी तळमळत होता, तेच नाव तो स्वतःच्या कर्तृत्वाने मोठे करतो.

होकागे होण्याचा मार्ग कोणता, याविषयीही या प्रसंगात एक बोध आहे. एबिसू गुरुजी त्याला सारखे बजावत असतात, की माझ्या शिकवणीने वागलास तर होकागे होण्याचा सर्वांत जवळचा रस्ता तुला सापडेल. नारुतोचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. असा जवळचा रस्ता नसतोच, असे तो सांगतो. आपल्याला मानणारा एखादा माणूस मिळवण्यासाठीसुद्धा आपल्याला किती कष्ट सोसावे लागले, हे तो जाणतो. मग साऱ्या गावाने मानावे यासाठी किती कष्ट लागतील? वारंवार नापास झालेल्या मुलाने हे सांगावे आणि नामांकित शिक्षकाने ते ऐकून विचारात पडावे, यात लेखकाची दृष्टी दिसते. उशिरा शिकणाऱ्याला, अडखळत शिकणाऱ्याला काही गोष्टी अशा कळतात, की ज्या पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण होणाऱ्याला कळत नाहीत. निरोप घेताना नारुतो त्याला सांगतो, की होकागेपदासाठी एक दिवस तुला माझ्याशीच लढावे लागेल. आणि हे सांगताना तो त्याला नावाने हाक मारतो. आता आपण या दादाचा केवळ पाठीराखा राहिलो नाही, त्याचे प्रतिस्पर्धी झालो, या जाणिवेने कोनोहामारू हरखून जातो.

यानंतरही त्याचा विनोद थांबत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. मोएगी आणि उदोन या दोन मित्रांना घेऊन तो आपली एक टोळी उभारतो. तिघेही नारुतोसारखे मोठाले चष्मे कपाळावर चढवून हिंडतात. एकदा ते दगडाचे सोंग घेऊन नारुतोचा पाठलाग करतात. परंतु तो दगड असतो चौकोनी, आणि पाहण्यासाठी त्याला भोकेही पाडलेली असतात. रानात असा चौकोनी दगड कोठे असतो, असे नारुतो वैतागून विचारतो. त्याआधी एकदा तो कुंपणाच्या रंगाचे कापड अंगावर ओढून कुंपणाला चिकटून उभा राहतो, तेव्हा कापडावरच्या रेघा आडव्या आलेल्या असतात! प्रेक्षक हसतात. पण मूल शिकते ते असेच. आधी ते अनुकरण करते, मग चुकते, चूक दिसली की खजील होते आणि पुन्हा करून पाहते. कोनोहामारूचे हसू हे शिकणाऱ्याचे हसू आहे. चुकण्याची भीती अजून ज्याच्या मनात शिरलेली नाही, त्यालाच असे हसता येते.

आता याच कथेतील दुसऱ्या एका सहायकाकडे पाहू. हाकू हा एका भाडोत्री योद्ध्याचा किशोरवयीन साथीदार आहे. या योद्ध्याचे नाव झाबुझा. हाकू स्वभावाने सौम्य आहे आणि ओळख नसलेल्यांशीही तो हसून बोलतो. झाबुझाने त्याला रस्त्यावरून उचलून वाढवले. मात्र एक हत्यार म्हणून वाढवले. हाकूनेही ते मनोमन स्वीकारले आहे. आपण धन्याच्या हातातील साधन आहोत, साधन म्हणून उपयोगी पडलो यातच आपले सार्थक आहे, असे तो मानतो. शेवटी धन्यावर येणारा घाव आपल्या अंगावर घेऊन तो प्राण सोडतो. तेव्हा नारुतो झाबुझाला संतापाने जाब विचारतो, की ज्याने तुझ्यासाठी जीव दिला, त्याच्याविषयी तुला काहीच वाटत नाही का? त्या कठोर माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

हाकू आणि कोनोहामारू यांच्यातील हा फरक मला या कथेचे मर्म वाटतो. दोघेही लहान, दोघेही कोणाच्या तरी मागे निष्ठेने चालणारे. परंतु एकाची निष्ठा स्वतःला पुसून टाकते, तर दुसऱ्याची निष्ठा स्वतःला घडवते. हाकूच्या हसण्यावर कोणी प्रश्न केला नाही, कारण ते सोयीचे होते. कोनोहामारू मात्र हसता हसता आपले नाव मागत राहिला. मदतनीस हसतमुख आहे, एवढ्यावरून तो सुखी आहे असे समजण्याची आपल्याला सवय असते. ती सवय किती घातक ठरू शकते, हे हाकूची कथा दाखवते.

माझा दुसरा प्रश्न दुःखाविषयीचा होता. पहिल्या मालिकेत गावावर हल्ला होतो आणि गावाचे रक्षण करताना कोनोहामारूचे आजोबा मृत्युमुखी पडतात. पावसात सारे गाव अंत्यविधीसाठी उभे असते. ज्या आजोबांवर तो रोज लुटुपुटीचे हल्ले करीत असे, त्यांच्यासाठी कोनोहामारू तेथे हुंदके देऊन रडतो. त्या क्षणी त्याच्या तोंडी कोणताही विनोद नाही. इरुका नावाचे शिक्षक त्याला जवळ घेतात. आपले सर्वांत हसरे पात्र कथेने येथे मनसोक्त रडू दिले आहे. ज्या कथेत विनोदी पात्राला शोक करण्याची परवानगी नसते, ती कथा त्याला माणूस मानत नाही.

पुढे त्याचे काका असुमा हेही लढाईत मारले जातात. असुमा आणि त्यांचा शिष्य शिकामारू यांना शोगी खेळण्याचा छंद असतो. शोगी म्हणजे बुद्धिबळासारखा एक जपानी पटावरचा खेळ. या पटावरील राजा आपल्या गावात कोण, असा प्रश्न असुमा शिष्याला घालतात. होकागे, असे उत्तर शिष्य देतो. ते उत्तर चुकीचे ठरते. आपले खरे उत्तर असुमा मरतेवेळी त्याला सांगतात. गावाचा राजा म्हणजे गावाची पुढची पिढी, अजून जन्मालाही न आलेली मुले. पटावरील प्रत्येक मोहरा राजासाठी असतो. तसे गावातील प्रत्येक मोठे माणूस मुलांसाठी असते. असुमांच्या मृत्यूनंतर त्यांना मुलगी होते आणि तिचे नाव मिराई ठेवले जाते. जपानी भाषेत मिराई म्हणजे भविष्यकाळ.

हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या नेहमीच्या समजुतीला उलटे करतो. लहानांनी मोठ्यांच्या उपयोगी पडावे, असे आपण गृहीत धरतो. धावपळ करावी, निरोप पोचवावा, हातातले काम घ्यावे आणि हे सारे हसतमुखाने करावे. असुमा सांगतात ते याच्या विरुद्ध आहे. मोठ्यांनी लहानांच्या उपयोगी पडावे, कारण पटावरचा राजा तेच आहेत.

तिसरा प्रश्न उद्याचा. दुसऱ्या मालिकेत पेन नावाचा बलाढ्य शत्रू गावावर चालून येतो. तो एकाच वेळी सहा देहांनी लढतो. त्यांपैकी एक देह एबिसू गुरुजींना पकडतो. गुरुजी शिष्याला पळून जायला सांगतात. कोनोहामारू पळत नाही. ज्याला होकागे व्हायचे आहे, त्याने पळून कसे चालेल, असा त्याचा विचार असतो. नारुतोने शिकवलेली एक अवघड विद्या वापरून तो त्या शत्रूला पाडतो. ज्या गुरुजींनी जवळचा रस्ता दाखवण्याचे आश्वासन दिले होते, त्यांचे प्राण लांबच्या रस्त्याने चालत आलेला शिष्य वाचवतो. त्यांच्या लेखी तो आता केवळ कोणाचा नातू उरत नाही.

पुढील पिढीची कथा सांगणारी ‘बोरुतो’ ही मालिका २०१७ साली सुरू झाली. तिच्यात नारुतो होकागे झालेला आहे आणि कोनोहामारू शिक्षक झाला आहे. नारुतोचा मुलगा बोरुतो याच तुकडीत शिकतो. चौकोनी दगडात लपणारा मुलगा आता इतरांच्या मुलांना घडवतो आहे. होकागेचा मुलगा म्हणून ओळखले जाण्याने बोरुतोला जो त्रास होतो, तो त्याच्या या शिक्षकाने लहानपणीच अनुभवलेला आहे, हा योगायोग निश्चितच नसावा. ज्याला एकेकाळी नाव हवे होते, त्याच्याकडेच दुसऱ्याचे नाव जपण्याचे काम येते.

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा, की या मालिकेत लहान मुले हत्यारे चालवतात आणि त्याचे कौतुक करणे योग्य नव्हे. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. सशस्त्र संघर्षात अठरा वर्षांखालील मुलांना प्रत्यक्ष उतरवू नये, यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २००० साली आंतरराष्ट्रीय करार संमत केला. जगात आजही मुलांच्या हाती शस्त्रे दिली जातात, हे दुःखद सत्य आहे. त्यामुळे बालयोद्ध्याचे हसू केवळ गोड मानून चालणार नाही. मात्र या कथेने या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. काकाशी हा तिच्यातील ज्येष्ठ योद्धा पाचव्या वर्षीच शाळा संपवून बाहेर पडला आणि लहानपणीच युद्धात ओढला गेला. आपल्या जवळच्या माणसांचे मृत्यू त्याने पाहिले. त्या जखमा त्याच्या साऱ्या आयुष्यावर उमटलेल्या आहेत. त्याच्या तुलनेत आठ वर्षांचा कोनोहामारू अजून शाळेत आहे, टोळी करून खेळतो आहे, फजीत होतो आहे. मोठ्या युद्धांनंतर आलेल्या शांततेमुळे त्याला हे बालपण मिळाले. पाहणाऱ्या मुलांशी मोठ्यांनी या फरकाबद्दल बोलावे, असे मला वाटते. मालिका बंद करण्यापेक्षा तो मार्ग अधिक उपयोगाचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक विनोदी पात्राच्या मागे दुःख कशाला शोधायचे? निखळ हसण्याला काही किंमत नाही का? जरूर आहे. कोनोहामारूच्या फजितीला हसलो म्हणून अपराधी वाटून घेण्याचे काही कारण नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की हसताना आपण त्याला पूर्ण माणूस मानावे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातील विदूषक मैत्रेय आपल्याला हसवतो. परंतु चारुदत्ताची संपत्ती गेल्यावरही तो त्याची साथ सोडत नाही, म्हणून तो आपल्या लक्षात राहतो. चांगल्या विनोदी पात्राला त्याचे मन असते. ते मन दिसले म्हणून विनोद फिका पडत नाही. उलट तो अधिक काळ टिकतो.

आता पडद्यावरून नजर काढून आपल्या रस्त्याकडे वळवू. भारतातील कोणत्याही शहरात, महामार्गावरच्या ढाब्यावर किंवा गॅरेजमध्ये एक हाक वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. ती हाक म्हणजे ‘छोटू’. प्रांत बदलला तरी ती फारशी बदलत नाही. चहाचे पेले विसळणारा, पाने देणारा, गाडीखाली शिरून हातात अवजारे देणारा मुलगा म्हणजे छोटू. तो चटपटीत असतो, हजरजबाबी असतो आणि बहुतेक वेळा हसत असतो. गिऱ्हाईक त्याच्याशी दोन शब्द गमतीने बोलते, चहाचे पैसे देते आणि निघून जाते. त्याचे खरे नाव विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. तो मुलगा आपल्या दिवसाच्या कथेतील एक गमतीदार सहायक होऊन बसतो.

सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ साली बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन, काही मर्यादित अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास मनाई करण्यात आली. कायदा आवश्यकच आहे. पण कायद्याच्या आधी नजर बदलावी लागते. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याची शाळा कोणती, हा प्रश्न आपल्याला सुचणारच नाही.

येथे कोणी म्हणेल, की गावप्रमुखाचा लाडका नातू कोठे आणि टपरीवरचा पोर कोठे! ही तुलना अन्यायाची नाही का? दोघांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मला मान्य आहे. एकाला पोटाची चिंता नाही, दुसऱ्याला तीच पहिली चिंता आहे. तरीही एक गोष्ट दोघांना लागू पडते. एकाचे नाव मोठ्या माणसाच्या सावलीत झाकले गेले, तर दुसऱ्याचे नाव त्याच्या लहान आकारात हरवले. सुखवस्तू मुलालाही नावावाचून जगणे असह्य होत असेल, तर ज्याच्याजवळ नावाशिवाय दुसरे काहीच नाही, त्याच्याकडून ते काढून घेणे किती क्रूरपणाचे आहे, याचा विचार व्हावा.

ही पाने वाचणाऱ्यांपैकी काहींनी लहानपणी शाळेऐवजी कामावर हजेरी लावली असेल. काहींना घरातील धाकट्या भावंडांसाठी आपली पाटी बाजूला ठेवावी लागली असेल. त्या काळात आपणही हसत होतो, हे त्यांना आठवत असेल. आणि त्या हसण्यामागे काय होते, हेही त्यांनाच ठाऊक असेल. आज प्रवेशअर्जावर स्वतःचे संपूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहिताना जे वाटते, ते इतरांना समजावून सांगणे कठीण आहे. होकागेपदाकडे जाणारा जवळचा रस्ता कोनोहामारूला सापडला नाही, कारण तो नव्हताच. त्याने लांबचा रस्ता धरला, तोही हसत हसत, आणि त्या रस्त्याने तो शिक्षकाच्या जागेपर्यंत पोचला.

आपल्या घरातील मूल एखादी चित्रमालिका पाहत असेल, तर कधीतरी त्याच्याजवळ बसावे आणि त्यातील सर्वांत छोट्या सवंगड्याचे नाव त्याला विचारावे. मुले ते नाव चटकन सांगतात. नायकाइतकीच त्यांना त्या छोट्याचीही माहिती असते. मग दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, कामाच्या ठिकाणी किंवा शेजारच्या घरात जो लहान मदतनीस हसतमुखाने समोर येईल, त्यालाही हाच प्रश्न विचारावा. त्याने नाव सांगितले की त्याला त्या नावाने हाक मारावी, आणि तो शाळेत जातो का, हेही विचारावे.